पाठमोरा पियानोवाला

आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन मी आहे, कारण बाकी कोणाला यादी ठेवायचा कंटाळा असतो. आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतली ही साधी चार मजली इमारत. एसीचं पाणी कोणाच्या बाल्कनीत गळतं, झुरळांच्या औषधाला माणूस कधी आला, कोणाच्या पार्किंगमध्ये कोणी गाडी लावली, हे सगळं माझ्या एका एक्सेल शीटमध्ये असतं. नोकरीही तीच करते. बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे कुठलं ड्रॉइंग कोणाकडे गेलं आणि परत कधी आलं ते लिहून ठेवायचं. त्या शीटमध्ये एका शुक्रवारी नवी ओळ भरली: तळमजला, पियानो, तक्रारी तीन.

शुक्रवारी आम्हाला अर्धा दिवस असतो. जेवण उरकून मी खाली गेले आणि तक्रार खरी आहे का ते बघायला आधी दाराबाहेर उभी राहिले. आत एकच लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत होता. मी मोजलं. एकोणीस वेळा झाला. विसाव्याला बेल दाबली.

दार उघडलं ते सत्तरीच्या पुढच्या, उंच, किंचित वाकलेल्या एका गोऱ्या माणसाने. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. मी इंग्रजीत नियम सांगितले: दुपारी दोन ते चार नाही, रात्री नऊनंतर नाही. त्यांनी ते एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले, मला वाचून दाखवले आणि काही राहिलं का ते विचारलं. माझं त्यांच्याबद्दल तिथेच मत चांगलं झालं. या इमारतीत माझे नियम आजवर कोणी लिहून घेतले नव्हते. निघताना मी म्हणाले, "ओके काका, आय विल कम."

दर शुक्रवारी जायला लागले ती त्यांच्या व्हिसामुळे. काका कॅनडाचे. इथल्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये ते बरीच वर्षं जॅझ वाजवत होते. हॉटेलने लाउंज बंद केला, जुना पियानो त्यांना देऊन टाकला आणि व्हिसा रद्द केला. हातात दोन महिने होते. तेवढ्यात दुसरा व्हिसा मिळाला नाही तर देश सोडायचा, आणि कॅनडात त्यांचं कोणी उरलं नव्हतं. बायको गेलेली, मूल नाही, राहतं घर कधीच विकलेलं. हे त्यांनी मला कुठलं दुकान कुठे आहे ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. आमच्या कंपनीत सरकारी कागदांची धावपळ करणारा जो पीआरओ आहे, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, कलाकारांसाठी वेगळा व्हिसा असतो, पण आयुष्यभराचं काम पुराव्यासकट दाखवावं लागतं.

यादी म्हटल्यावर मी लॅपटॉप घेऊन खाली गेले. चार रकाने केले: काम, भूमिका, ठिकाण, पुरावा.

पहिले तीन रकाने भरताना माझे हात दुखले. काकांची आई त्यांच्या गावातल्या आइस-रिंकवर ऑर्गन वाजवायची. सामन्याच्या मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरायचं, आणि ते बाहेर पडेपर्यंत तिला थांबायची मुभा नसे. यंत्र मध्येच बंद पडलं की सूर लांबवायचा. तिच्या बाकावर शेजारी बसून काका हे शिकले. सतराव्या वर्षी घर सोडून माँट्रियलच्या क्लबांमध्ये वाजवायला लागले. मग तिघांचा बँड करून बर्फातून बसने गावोगाव फिरले. दिवसा नाटकात काम मिळायचं म्हणून अभिनय धरला. लहान मुलांच्या नाटकात दोन वर्षं अस्वल. टीव्हीवर टॅक्सीवाला, पाद्री, दोनदा न्यायाधीश, पाच वेळा प्रेत.

मी विचारलं, प्रेताला काय अभिनय करावा लागतो? त्यांनी खुर्चीत मान टाकली आणि गेले. दुसरा शब्द मला सुचत नाही. चेहऱ्यावरून माणूस निघून गेला, हात कोणीतरी विसरून ठेवलेल्या वस्तूसारखा लोंबायला लागला. मी घाबरून उठले. त्यांनी डोळे उघडले आणि न्यायाधीशही बघायचा आहे का विचारलं. पाठ जराशी ताठ केली, पापण्या खाली आणल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी, पोरीच्या शाळेचे, तीन बॉसेसचे आणि अख्ख्या इमारतीचे हिशेब सांभाळणारी बाई, हात जोडून उभी राहिले. मग ते पुन्हा काका झाले आणि कॉफी ओतायला गेले.

शेवटी बोटीवर पियानो वाजवायची नोकरी धरली. ती बोट बिघडून इथल्या खोर फक्कान बंदरात तीन दिवस अडकली. थेट समुद्रात उतरणारे ते कोरडे डोंगर बघून ते किनाऱ्यावर उतरले आणि बोटीकडे परत गेलेच नाहीत.

सगळं भरलं. पुराव्याचा रकाना मात्र रिकामा राहिला. तिघांची एक रेकॉर्ड निघाली होती, तिच्या कव्हरवर काका पाठमोरे. सर्वांत मोठं काम म्हणजे टीव्हीची एक मालिका. खाणकामगारांच्या गावातला बार, आणि बारच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेला पियानो. तो अकरा वर्षं काका वाजवत होते. सेटवर खरा वाजवायचे, नंतर भरलेला आवाज नव्हे. पण संवाद नाही, चेहरा नाही, श्रेयनामावलीत नाव नाही. मी म्हटलं, अकरा वर्षं आणि नाव नाही? ते म्हणाले, "माझी पाठ त्या देशात बरीच प्रसिद्ध आहे."

सहाव्या शुक्रवारी अर्ज भरून झाला. नेहमीप्रमाणे "आय विल कम" म्हणून मी वर आले, आणि पासपोर्टची प्रत खालीच राहिल्याचं लक्षात आलं. पंधरा मिनिटांनी परत गेले तर दार किलकिलं होतं. टेबलावर दोन कप. एक त्यांचा, दुसरा भरलेला, वर बशी झाकलेली. पियानोवर तोच लहान तुकडा चालू होता.

कोणी यायचं आहे का, मी विचारलं.

"तू," ते म्हणाले. "तू येते म्हणालीस."

मला आधी कळेना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. माझी सबंध पिढी घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही. चुकून तोंडून निघालं तर आई ओरडायची, जाते नाही, येते म्हण. तेच मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत म्हणत होते. सहा शुक्रवार मी 'येते' म्हणून गेले होते, आणि सहा शुक्रवार या माणसाने दार उघडं ठेवून कॉफी झाकून ठेवली होती. एकदाही विचारलं नाही.

मी समजावून सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि पाकिटावर लिहिला. मग म्हणाले की यात चुकण्यासारखं काही नाही. बँडमध्ये गायिका अजून आली नसेल तर तेच चार बार, म्हणजे सुरांची चार छोटी आवर्तनं, फिरवत राहायचं. आलीस का, असं विचारायचं नसतं. ती येते तेव्हा तुम्ही तिथे असायचं, एवढंच काम. मी त्यांना म्हटलं की निदान ती कॉफी तरी तुम्ही पिऊन टाकायची. ते म्हणाले, तासाभराने पितोच.

त्याच दिवशी आणखी एक शब्द निस्तरावा लागला. इथे साठीच्या पुढचा प्रत्येक पुरुष आम्हाला काका किंवा अंकल. मुलीने घरी येऊन मला सांगितलं, "ममा, स्टॉप कॉलिंग हिम दॅट. फ्रेंचमध्ये काका म्हणजे पॉटी." काकांची आई फ्रेंच बोलणारी. म्हणजे सहा आठवडे मी त्या माणसाला आदराने काय म्हणत होते! मी खाली जाऊन माफी मागितली आणि दुसरं काय म्हणू ते विचारलं. त्यांनी विचार केल्यासारखं केलं. "तेच राहू दे. माझ्या नाटकांची परीक्षणं यापेक्षा वाईट छापून आली आहेत."

अर्ज दोन आठवड्यांनी परत आला. पुरावा अपुरा. मुदत संपायला नऊ दिवस होते. काकांनी मला पियानो कोणाला द्यायचा त्याची यादी करशील का असं विचारलं. माझ्याकडून यादी करायला नकार मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

त्या मालिकेचे भाग कोणा हौशी माणसाने इंटरनेटवर टाकलेले होते. शनिवारी सकाळी मी नवरा आणि मुलगी दोघांना दिवाणखान्यात बसवलं आणि प्रत्येकाला भाग वाटून दिले. काकांचा चेहरा कुठे दिसला तर वेळ लिहून ठेवायची. दुपारपर्यंत आमच्याकडे अडतीस पाठी जमल्या.

पण बघता बघता आम्ही त्या पाठीकडेच बघायला लागलो. नवरा साताऱ्याला शाळेत असताना सहा वर्षं तबला शिकलाय. तो एकदम म्हणाला, "अगं थांब. जरा मागे घे." बारमध्ये नायक येतो, काहीतरी बोलायचं असतं, त्याला आठवत नाही. कॅमेरा त्याच्यावर. मागे पियानो तोच तुकडा फिरवतोय. नायक श्वास घेतो, बोलतो, आणि तुकडा अलगद पुढे सरकतो. "हा ठेका धरून बसलाय," नवरा म्हणाला. "गायक समेवर येईपर्यंत तबलजी बसतो ना, तसा." मग आम्हाला ते सगळीकडे दिसायला लागलं. कोणी अडखळलं, कोणी उशिरा दारातून आलं, कोणाच्या हातातून ग्लास पडला. दर वेळी ती पाठ थोडीशी कान देई आणि हात त्यांना जागा करून देत. अकरा वर्षं एक माणूस सगळ्यांना सांभाळून घेत होता आणि बघणाऱ्याला पत्ता नव्हता. मुलीने मोबाइल बाजूला ठेवला होता, हे मी मुद्दाम नोंदवते.

रविवारी संध्याकाळी ते सापडलं. नायक बारमध्ये येतो, थांबतो, पूर्ण कोरा. पियानो चार बार वाजतो, पुन्हा चार, पुन्हा चार. नायक हलत नाही. तेव्हा ती पाठ वळली. तरुण काका. चेहऱ्यावर किंचित हसू, हात मागे वाजतच. "तू उद्या निघणार होतास ना?" एवढंच विचारलं आणि परत वळले. नायकाच्या डोळ्यांत काहीतरी परत आलं आणि त्याने सगळा प्रसंग उचलून नेला. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं होतं.

चेहरा चार सेकंद होता. तो कोणाचा हे सिद्ध कसं करणार, असं नवरा म्हणत असताना भाग संपला आणि मुलीने पुढचा लावायला बोट नेलं.

"राहू दे," मी म्हटलं. "नावं वाचायचीत मला."

"ममा, नोबडी रीड्स दॅट."

मी वाचते. थिएटरमध्ये सगळे उठतात तेव्हा मी बसून वाचते, यावरून घरात माझी चेष्टा होते. मी वाचत गेले आणि जवळजवळ शेवटी, घोड्यांची काळजी घेणाऱ्याच्या वर, काकांचं संपूर्ण नाव होतं. समोर लिहिलं होतं: पियानोवाला.

लॅपटॉप तसाच उघडा घेऊन मी खाली धावले. त्यांनी पडदा बराच वेळ बघितला. मग सांगितलं की एक शब्द जरी बोललात तर तिथल्या नियमाने नाव द्यावं लागतं. तो भाग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्या रात्री दुसऱ्या गावात वाजवायचं होतं. नाव दिलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

सोमवारी अर्ज पुन्हा गेला, पुराव्याच्या रकान्यात एक नोंद घेऊन. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, ऑफिसात असताना, मंजुरीचा मेसेज आला. पीआरओने फोनवर "खलास, हो गया" म्हटलं आणि मी टॅक्सी केली.

मंजुरीच्या कागदावर व्यवसायाच्या जागी लिहिलं होतं: अभिनेता. काकांनी ते अक्षर अक्षर वाचलं. साठ वर्षं पियानो वाजवला आणि सरकारने एका वाक्याचा नट करून टाकला, असं म्हणून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. डोळे बराच वेळ पुसत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मला घाई होती. कोथिंबीर, मुलीचा क्लास, पाण्याची बिलं, अशी यादी हातात. दाराशी आले आणि या वेळी मराठीतच म्हटलं, "येते, काका."

लिफ्टचं बटण दाबलं. दार त्यांनी लावलं नव्हतं. आतून पियानो सुरू झाला, तेच चार बार, आणि पुन्हा तेच. लिफ्ट आली, उघडली, बंद झाली. मी सातपर्यंत मोजलं आणि परत फिरले.