हॉटप्रेसमधले ग्रीक बीन्स

चेरीवूडच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक ग्रीक मैत्रीण बसते. तिला रविवारी ल्यूकनला आमच्या घरी जेवायला बोलावलं आणि उत्साहाच्या भरात सांगून बसले, "तुमच्याकडचे बीन्सच करीन." दुसऱ्या दिवशी तिने पाकीटच आणून दिलं. डबल बीपेक्षाही मोठे, पांढरेशुभ्र दाणे.

"भिजव, उकड, कांदा-टोमॅटो आणि भरपूर ऑलिव्ह तेल घालून ओव्हनमध्ये ठेव. चुकण्यासारखं त्यात काहीच नाही," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी बीन्स भिजत घातले. संध्याकाळी आई म्हणाली, "मी बघते गं त्यांचं." आई अलिबागहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि तिला काम हवंच असायचं. मी बरं म्हटलं.

रविवारी सकाळी पातेलं रिकामं.

"बीन्स कुठायत?"

"वरच्या कपाटात. छान ऊब आहे तिथे."

वरचं कपाट म्हणजे हॉटप्रेस. गरम पाण्याची टाकी असते त्यात, म्हणून आम्ही टॉवेल ठेवतो. टॉवेलांच्या मधोमध माझ्या पांढऱ्या ओढणीचं गाठोडं होतं. सोडलं, तर प्रत्येक बीनला चांगला करंगळीच्या पेराएवढा मोड.

"मॅम, दे हॅव टेल्स!" लेक आनंदाने किंचाळली.

मला रडू यायचं बाकी होतं. आई मात्र खूश. "वालाला येतात तसेच आलेत बघ. आता सोलायचे."

"आई, ग्रीक लोक सोलत नाहीत!"

"मग सालं चावत बसतात की काय?"

नवरा नासच्या हॉस्पिटलात ड्युटीवर. दुकानात जायला गाडी नाही. बसले सोलायला. एक वाजता मैत्रीण आली, तेव्हा आम्ही तिघी स्वयंपाकघरात फतकल मारून, भोवती सालांचा ढीग.

"हे काय करताय?"

"सोलतोय."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

तिने कोट काढला आणि खाली बसली. आईने तिच्यापुढे ताट सरकवलं आणि अंगठ्याने दाबायचं कसं ते दाखवलं. मैत्रिणीचा पहिला बीन थेट फ्रिजखाली गेला.

"जाऊ दे, येईल हळूहळू," आई मराठीतच म्हणाली. मैत्रिणीला ते कळलं असावं.

सोललेले बीन्स उकडून, कांदा-टोमॅटो आणि तेल घालून ओव्हनमध्ये ठेवले. ट्रे काढला, तर सालीविना सगळे विरघळलेले, बीन म्हणून एक उरला नव्हता. टोमॅटोच्या रंगाचं घट्ट पिठलं. मैत्रिणीने फोटो काढून ग्रीसला स्वतःच्या आईला पाठवला. लगेच फोन आला. पलीकडून लांबलचक काहीतरी बोलणं झालं आणि ही हसत सुटली.

"माझी आई म्हणते, हे ते बीन्स नाहीतच. हा फावा आहे. आमच्याकडे पिवळी डाळ शिजवून, घोटून करतात. वरून कच्चा कांदा आणि लिंबू घाला म्हणतेय. आणि टोमॅटो कुणी घातला, असं विचारतेय."

मी आईला सांगितलं. ती कांदा चिरायला उठलीसुद्धा.

पावाबरोबर आम्ही ट्रे पुसून खाल्ला. सोमवारी मैत्रिणीने ऑफिसात सांगितलं, की हिची आई मोड आलेले बीन्स एकेक करून सोलते. कुणाचाही विश्वास बसला नाही.