वकीलसाहेबांच्या बंगल्यातले हट्टी पाहुणे

मी वकीलसाहेबांच्या बंगल्यातल्या संग्रहालयात नोकरीला लागले तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या घरात दिवसभर काय गं करणार तू? चार दिवसांत कंटाळशील!" त्याला आता सहा वर्षं झाली. संध्याकाळच्या बसनं मी खानापूरला परतते आणि चप्पल काढायच्या आधी त्याच जाऊबाई विचारतात, "आज कोण आलतं?" एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो. तव्यावरची भाकरी करपते, पण किस्से काही संपत नाहीत!

आमचा बंगला उद्यमबागच्या कारखान्यांच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. वकीलसाहेब राहायचे तेव्हा जसा होता तसाच ठेवलेला, आणि भोवतीची बागही जुने फोटो बघून तशीच लावलेली. आम्ही तिघंच: सगळा कारभार बघणाऱ्या मॅडम, बागेत रायप्पाअण्णा, आणि लोकांना घर दाखवत फिरणारी मी, शोभा.

*

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. चिकोडीकडचं एक शेतकरी कुटुंब आलं. तिकिटं काढली, सगळे आत गेले. घरातले म्हातारे आप्पा मात्र बाहेर चपला काढून पायरीवर बसले.

"आप्पा, आत चला की."

"घरातली माणसं कुठायत?"

"वकीलसाहेब वारून लई वर्षं झाली, आप्पा. मुलं परदेशात असतात."

"मग आमाला आत बोलावलं कोण?"

"तुम्ही तिकीट काढलंय की!"

"तिकीट बसचं काढत्यात, बाई. घरात जायला कुणीतरी 'या' म्हणावं लागतंय."

सून बाहेर येऊन समजावून थकली, मीही थकले. पायरीवर ऊन आलं तरी आप्पा हलेनात. शेवटी मॅडम स्वतः तांब्या घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "या आप्पा. पाणी घ्या, आत या."

आप्पा पाणी प्याले, मिशा पुसून उठले आणि सुनेकडं बघून म्हणाले, "बघ! माणसं हाईत की घरात!"

*

दिवाणखान्यात पितळेची एक फुलदाणी होती. म्हणजे आम्ही तिला फुलदाणी म्हणायचो! रायप्पाअण्णा रोज सकाळी तिच्यात ताजी शेवंती लावायचे. खाली पाटीसुद्धा होती, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत.

निपाणीहून एक जैन आक्का आल्या. पंच्याऐंशीच्या पुढचं वय, काठी टेकत टेकत. फुलदाणीपाशी थांबल्या ते थांबल्याच.

"हे काय म्हणून ठेवलंय?"

"फुलदाणी, आक्का."

"आमच्या मामंजींच्या खाटेपाशी अशीच होती. दिवसातनं चारदा धुवायची मी."

"फुलदाणी चारदा धुवायची?"

"पिकदाणी, बाई! पान खाऊन थुंकायची!"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा शेवंतीकडं बघत होते.

मी म्हटलं, "उद्या पाटी बदलतो, आक्का." पण त्या खुर्ची ओढून बसल्या. "उद्या कुणी बघितलाय? आत्ता बदला." मॅडमनी कागदावर मोठ्या अक्षरात 'पिकदाणी' लिहून आणलं. आक्कांनी चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली.

"खोटं तीन भाषांत लिहिलंय, खरं एकाच भाषेत व्हय?"

*

एकदा एक मोठे साहेब झाड लावायला आले. नाव सांगत नाही, ते अजून मोठेच आहेत! बरोबर दोन गाड्या, फोटोग्राफर, आणि कुंडीत माणसाएवढं पाम. साहेबांच्या माणसांनी कारंज्यापुढची जागा ठरवूनही टाकली.

रायप्पाअण्णा बरोब्बर त्या जागेवर जाऊन उभे राहिले. हातात फावडं.

"साहेब, हे झाड ह्या बागेत नव्हतं."

"नव्हतं म्हणून तर लावतोय!"

"वकीलसाहेबांच्या वेळची बाग हाय ही. जुन्या फोटोत जे हाय तेवढंच लावायचं."

एक जण अण्णांच्या अंगावर ओरडला. मॅडम पुढं व्हायला लागल्या, पण अण्णाच बोलले. आवाज चढवला नाही, जागाही सोडली नाही.

"साहेब, तुमच्या आजोबांचा फोटो हाय न्हवं घरात?"

"आहे. का?"

"त्यात त्यांच्या हातात मोबाइल रंगवला तर चालंल तुमाला?"

साहेब अण्णांकडं बघत राहिले, आणि एकदम असे हसले की फोटोग्राफरचा कॅमेरा हलला! पाम गाडीत परत गेलं. साहेबांनी गुडघे टेकून जुन्या फोटोतल्या मोगऱ्याचं रोप लावलं. जाताना अण्णांना म्हणाले, "आमच्या ऑफिसात येता का कामाला?"

अण्णा म्हणाले, "तिथं बी मधे उभा ऱ्हाईन, साहेब!"

*

आमच्या कारंज्याचं कमळ बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे, आठ पाकळ्यांचं. त्यातल्या दोन पाकळ्या तुटून गेलेल्या. बाहेरगावाहून आलेल्या जाणकारांनी सांगितलं, असं ओतकाम आता होत नाही, सिमेंटच्या करून रंग द्या. मॅडमना ते पटेना.

उद्यमबागेत एका फौंड्रीत काम करणारा परशराम रविवारी बायकोला घेऊन बाग बघायला आला. बायको बाग बघून, घर बघून, दमून बाकावर येऊन बसली. परशराम अजून कारंज्यापाशीच वाकलेला!

"मॅडम, मी करून बघू?"

पुढच्या रविवारी पाकळी आणली, ती आखूड पडली. "बीड निवताना आकसतंय, मॅडम. मी ते आकसणं कमी धरलं." त्याच्या पुढच्या रविवारी आणली, ती जाड झाली. तिसऱ्या वेळी बसली, पण टोकाशी वळण चुकलं. आम्हाला ते कळलंसुद्धा नव्हतं. "ऱ्हाऊ दे की रे, छान दिसतंय," मी म्हटलं.

"तुमाला दिसतंय छान. मला चुकलेलंच दिसतंय," म्हणाला आणि घेऊन गेला परत. बायको मला म्हणाली, "आक्का, तुमच्या कारंज्यापायी आमचे सगळे रविवार गेले!"

पाचव्या खेपेला दोन्ही पाकळ्या अशा बसल्या की पाणी सोडल्यावर आठही पाकळ्यांवरून सारखंच पडलं. मॅडमना भरून आलं. म्हणाल्या, "इथं तुझ्या नावाची पाटी लावू या."

"नको, मॅडम. पाटी वाचून लोकं दोन पाकळ्या हुडकणार. घावल्या तर माझं काम कच्चं."

"आणि नाही सापडल्या तर?"

"मग पाटी खोटी म्हणतील!"

*

आणि ही गेल्या वर्षीची. गुंजीहून एक आक्का आल्या, सत्तरीच्या. आधी रेल्वे, मग बस. मांडीवर तेलाचा पत्र्याचा डबा, त्यात गुलाबाचं रोप. गेटवर एक तिकीट काढलं आणि रोपाकडं बोट दाखवून मला विचारलं, "याला लागतंय का?"

घर बघायला त्या आल्याच नाहीत. थेट बागेच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गेल्या. तो वाफा तेव्हा मोकळाच होता. तिथं पूर्वी बाईसाहेबांचा, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नीचा, फिकट रंगाचा एक वासाचा गुलाब होता. तो कधीच मेला, आणि तसला दुसरा आम्हाला कुठं मिळाला नाही.

"माझे वडील इथं माळी होते," आक्का म्हणाल्या. "ह्या गुलाबाची फांदी बाईसाहेब कुणाला देत नव्हत्या. एक दिवस झाडाची फांदी तुटलेली दिसली. चोरली म्हणून वडलांना काढून टाकलं."

रायप्पाअण्णांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"वडलांनी शपथ घेतली, हात जोडले. कुणी ऐकलं न्हाय. चोर म्हटल्यावर दुसऱ्या बागेत बी कुणी घेईना. गुंजीला येऊन मरेपर्यंत लाकडं उचलली त्यांनी."

"म्हणजे त्यांनी घेतलीच नव्हती?" मी विचारलं.

"न्हाय. आईनं घेतलती. भाकरी घेऊन आलती, त्याच फडक्यात गुंडाळून नेली. मरताना मला बोलली."

डब्यातल्या रोपावर एक फूल होतं. फिकट. वास माझ्यापर्यंत आला.

"वडलांना कळलं होतं?" अण्णांनी हळूच विचारलं.

"परसात लावलं आईनं. पाणी वडीलच घालायचे. रोज. कुठनं आणलं म्हणून एकदा बी विचारलं न्हाय."

अण्णा खड्डा काढायला वाकले. आक्कांनी त्यांचा हात धरला. "सरका, अण्णा. मी लावणार." गुडघे वाकत नव्हते, तर सरळ मातीत बसल्या. तासभर लागला. माती सारखी केली, आळं केलं, पाणी घातलं. मॅडमनी वडिलांचं नाव विचारलं, आक्कांनी सांगितलं, मॅडमनी ते बागेच्या वहीत लिहिलं. मग माझ्या खांद्याला धरून आक्का उठल्या, नळावर हात धुतले आणि अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता मला ह्याची एक फांदी द्या."

अण्णा गोंधळले. "घरी झाड असंल की, आक्का?"

"हाय की. भिंतभर पसरलंय."

"मग?"

"ते कुणाला मागून आणलेलं न्हाय."