हेमंतच्या कमरेचं पिस्तूल

ही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तिचे तुकडे चार-पाच जणांपुढे ठेवले, तेही अगदी अलीकडे. सलग अशी आज पहिल्यांदाच सांगतेय. आणि सांगताना छाती धडधडत नाहीये — याचं मलाच नवल वाटतंय.

आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. नवरा हेमंत, मूळचा अकोल्याचा, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी पुण्याची, एका लॅबमध्ये नोकरी करते. मुलगी इरा. इथे ॲरिझोनात कमरेला उघडं पिस्तूल लावून फिरायला कायद्याची आडकाठी नाही. दुधाच्या रांगेत तुमच्या पुढच्या माणसाच्या पट्ट्याला ते दिसू शकतं. सुरुवातीला तुम्ही बघता, मग बघणं सोडून देता.

हेमंतनेही बरीच वर्षं ते लावलं. आमच्या मराठी मंडळींत असं करणारा तो एकटाच. लोक त्याच्याबद्दल काय बोलायचे ते मला ठाऊक होतं. आणि माझ्याबद्दल काय बोलायचे, तेही — बिचारी. हा शब्द मला आवडायचा. ऐकायला वाईट वाटतं ना? मलाही वाटतं. पण मुळापासून सांगते.

इरा किंडरगार्टनला होती. तिला शाळेतून घेऊन येताना मी पंपावर पेट्रोल भरायला थांबले. कुठून तरी एक माणूस आला आणि इरा बसली होती त्या बाजूच्या काचेवर मुठी आपटायला लागला. काय ओरडत होता ते धड कळलं नाही. ‘परत जा’ एवढं कळलं. मी कशीबशी गाडीत शिरले, दारं लॉक केली, निघाले. तो गाडी घेऊन बराच वेळ मागे येत राहिला, मग कुठे तरी वळला. एवढंच. कुणाला ओरखडाही आला नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली.

पण माझं मन काही ताळ्यावर येईना. लॅबमधल्या एका बाईचा नवरा पिस्तूल लावून फिरायचा. ती म्हणायची, लोक एकदा बघतात आणि आपली वाट धरतात. मी हेमंतच्या मागे लागले. आम्ही तोवर सिटिझन झालो होतो, अडचण काहीच नव्हती. तो नको म्हणत राहिला. आमचा हेमंत — घरात विंचू निघाला तरी तो डब्यात धरून बाहेर नेऊन सोडणारा. म्हणाला, “हे माझं काम नाही. घेतलीच गन, तर घरात कुलपात ठेवू.”

“कुलपात ठेवून काय उपयोग? दिसायला हवी.”

तरी तो ऐकेना. मग मी एक वाक्य बोलले. म्हटलं, “त्या दिवशी तू तिथे असतास तरी काय केलं असतंस?”

पुढच्या शनिवारपासून तो पिस्तूल चालवायच्या ट्रेनिंगला जायला लागला.

आणि तो पिस्तूल लावून माझ्याशेजारून चालायला लागला तेव्हा मला कसं वाटलं? बरं वाटलं. अभिमान वाटला. दुकानात लोक जरा बाजूला व्हायचे, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून मी ताठ मानेने चालायची. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून सांगितलं नाही.

मग आली आमच्या मराठी मंडळाची पिकनिक. पार्कमध्ये सगळे जमलेले, मिसळीचा रस्सा उकळत होता. हेमंत गाडीतून बर्फाचा कूलर घेऊन आला आणि गप्पा थांबल्या. सगळ्यांचे डोळे त्याच्या कमरेवर. गिरीश — हेमंतचा इथला सगळ्यात जवळचा मित्र, दोघं दर आठवड्याला बॅडमिंटन खेळायचे — तो म्हणाला, “हे काय यार, हेमंत?”

हेमंतने तोंड उघडायच्या आत मी हसून म्हटलं, “सांगून सांगून थकले मी. माझं ऐकतो का?”

का बोलले? सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या म्हणून. त्यांच्यातली एक राहायचं होतं म्हणून. हेमंतने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग गिरीशला म्हणाला, “सवय झालीय रे.” माझं खोटं त्याने मुकाट उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

इथवर असतं तरी मी कदाचित विसरले असते. नवरा-बायको एकमेकांवर ढकलतातच काहीबाही. पण पुढे जे झालं ते — थांबा, सांगते.

गिरीशची बायको नीलिमा माझी मैत्रीण. ती मला जपायला लागली. फोन करायची, आवर्जून जेवायला बोलवायची — मला आणि इराला. एकदा तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. तिने गॅस बंद केला, माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, “खरं सांग. घरी तो तुला कधी धमकावतो का? भीती वाटते तुला त्याची?”

‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो?

मी खाली बघितलं. डोळ्यांत पाणी आणलं — आलं नाही, आणलं. आणि गप्प राहिले.

तिने मला जवळ घेतलं. आणि मी घेऊ दिलं.

हीच ती गोष्ट. पिस्तूल नाही, पिकनिक नाही. ती शांतता.

त्यानंतर गिरीशचं बॅडमिंटन बंद झालं. गुडघ्याचं कारण सांगितलं त्याने. त्यांची मुलगी आमच्याकडे राहायला यायची, ती येईनाशी झाली. हेमंत कधीकधी म्हणायचा, “गिरीशला माझं काय खटकलं कुणास ठाऊक.” मी म्हणायची, “बिझी असेल.” वर्षं गेली. मी भाजी चिरत, कपड्यांच्या घड्या घालत, त्याच्या शेजारी बसून टीव्ही बघत ते पोटात ठेवून जगले.

गेल्या वर्षी इरा हायस्कूलमध्ये गेली. या मार्चमध्ये तिला शाळेतून आणताना तिने मध्येच विचारलं, “ममा, आर यू स्केअर्ड ऑफ बाबा?” नीलिमाच्या मुलीने तिला सांगितलं होतं. मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे, असंही.

मी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली आणि तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, “देन यू हॅव टू टेल हिम. टुडे.”

हेमंत ओट्याशी भेंडी चिरत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पिकनिकचं त्याने मान हलवून ऐकलं. नीलिमाचं सांगितलं तेव्हा सुरी खाली ठेवली.

“म्हणून गिरीश,” तो म्हणाला. मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, “मला ती गन एक दिवससुद्धा आवडली नव्हती.”

“मग काढून का नाही ठेवलीस?”

“काढली असती तर तू ते वाक्य परत बोलली असतीस.”

मी लगेच गिरीशकडे गेले. दोघांना समोर बसवून सांगितलं. नीलिमाचा चेहरा बघवत नव्हता. ती म्हणाली, “माझ्या मुलीला मी त्याच्यापासून लांब ठेवलं. तुझ्यासाठी.” गिरीशने गाडीची किल्ली उचलली आणि आमच्या घरी गेला. मी जरा वेळाने पोचले, तेव्हा दोघं ड्राइव्हवेमध्ये उभे होते. गिरीश बोलत होता, हेमंत ऐकत होता. मी गाडीतून उतरले नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि इतकी मोकळी रडले, की इतक्या वर्षांत तशी रडले नव्हते. ते पाणी मात्र आपोआप आलं.

हेमंतने पिस्तूल विकून टाकलं. माझ्याशी तो बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. नीलिमा समोर दिसली की विचारपूस करते आणि पुढे जाते. माझ्याबद्दल आता काय बोलतात ते मला कळत नाही, चांगलं नसणार.

तरी मला हलकं वाटतंय. हे हलकेपण माझ्या एकटीचं आहे, हेमंतच्या वाट्याला त्यातलं काही आलेलं नाही, हेही मला दिसतं. गेल्या महिन्यात मंडळात नव्या आलेल्या एका मुलीने सहज विचारलं, “काकू, काका पूर्वी गन लावून फिरायचे म्हणे?”

आजूबाजूच्यांनी माझ्याकडे पाहिलं. हेमंत माझ्यापासून दोन हात लांब बसला होता.

“मी लावायला लावली होती,” मी म्हटलं. “आणि सगळ्यांना सांगितलं, तो ऐकत नाही म्हणून.”