नव्वदचा फरक

पुंडलिक म्हात्रे वडखळजवळच्या खाडीकाठचा. घरच्या मिठागरापायी अकरावीत शाळा सुटली आणि १९८४ साली तो रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. बाटल्या धुता धुता एका जुन्या पुस्तकावरून तो रेणुभार काढायला शिकला. सूत्रात कोणते अणू किती, कंसाबाहेरचा आकडा आतल्या कोणाकोणाला लागतो, हे बोटांवर मोजायचा. केमिस्टसुद्धा विचारायचे, "पुंडलिक, तुरटीचा किती?" तो न अडखळता सांगायचा, "चारशे चौऱ्याहत्तर."

१९९६ मध्ये पारी वाघमारे केमिस्ट म्हणून आली. डोंगराखालच्या कातकरी वाडीतली, आश्रमशाळेत शिकून बी.एस्सी. झालेली. आता सगळे तिलाच विचारू लागले. बारा वर्षं काढलेला पुंडलिक पुंडलिकच राहिला आणि ती पहिल्या दिवसापासून मॅडम. ती जेवायला गेली की तो तिची वही तपासायचा. चूक सापडायची नाही, त्यामुळे आणखीच जळायचा.

एका मंगळवारी मात्र सापडली. टेबलावर कॉपर सल्फेटचं निळं द्रावण होतं. वहीत तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, ऑक्सिजनचे चार अणू मिळून चौसष्ट. एकूण एकशे साडेएकोणसाठ. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यात पाण्याचे पाच रेणू असतात. त्यांचे नव्वद तिने धरलेच नव्हते. पुंडलिकला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

तो थेट मुख्य केमिस्ट हैबतरावांकडे गेला. "साहेब, मॅडमनी पाणी मोजलंच नाय. द्रावण चुकलं."

हैबतरावांनी पारीला बोलावलं. ती कॉपर सल्फेटची बाटली घेऊनच आली. आत पांढरी पूड होती.

"सर, हे पाणी काढून टाकलेलं कॉपर सल्फेट आहे. यात मोजायला पाणीच नाही." तिने चिमूटभर पूड काचेवर घेऊन थेंबभर पाणी टाकलं. पूड बघता बघता निळी झाली.

ती गेल्यावर हैबतराव म्हणाले, "आधी तिलाच का नाही विचारलंस?"

पुंडलिक बाटल्या धुवायला निघून गेला. तीन दिवस तो तिच्यासमोर गेला नाही. शुक्रवारी मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मी तुमच्यावर जळत होतो."

"माहीत होतं, काका," पारी म्हणाली. "वही मी मुद्दाम उघडी ठेवायचे. कोणीतरी तपासतंय म्हणून धीर वाटायचा. फक्त बाटलीपण बघत जा."

त्यानंतर तिने हैबतरावांना सांगून वहीत एक रकाना वाढवला. तिच्या गणिताखाली 'तपासलं' म्हणून पुंडलिकची सही होऊ लागली. दोनदा त्याने तिची बेरजेतली चूक पकडली. दोन्ही वेळा तिलाच दाखवली.

१९९९ मध्ये पारी सीनियर केमिस्ट झाली. त्या संध्याकाळी तो बायकोला, विमलबाईला, म्हणाला, "अजून जळतं गो थोडं. पण पोरगी त्या जागेच्या लायक हाय."

विमलबाईने त्याचं ताट वाढलं आणि त्याला जेवायला बसवलं.