अंड्याला खिडकी पाडणारे मामा

अंडं बघून ऑम्लेट न आठवणारा माणूस सबंध नाशकात एकच होता, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघाला. मामा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. संसार काय तो कोंबडीच्या अंड्यांचा. उबवायला ठेवलेल्या अंड्याच्या कवचाला ते बारीक कात्रीने चौकोनी खिडकी पाडत, आणि आत इवलंसं लाल हृदय उडताना दिसलं की तावडीत सापडेल त्याला ओढत नेऊन दाखवत. पोस्टमन, दूधवाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं, कुणीही सुटलं नाही. चौथ्या दिवशी मात्र ते अंडं फोडून आतलं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली जाई, पिल्लू म्हणून कधी बाहेर आलंच नाही. एकदा ऐन थंडीत कॉलेजची वीज गेली आणि तिथली उबवणीची पेटी गार पडली, तर हा गृहस्थ अंडी स्वेटरच्या आत पोटाशी धरून सिटी बसने घरी निघाला. निफाडकडच्या एका बाईने उठून जागा दिली. "बसा काका. लय दुखतंय का पोटात?" मामा शांतपणे म्हणाले, "दुखत नाही हो, उबवतोय." बाई थेट पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमचं पहिलं मूल हृदयातल्या दोषाने गेलं होतं, त्यामुळे हिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा घरात आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. एका संध्याकाळी मामा माशाच्या तेलाची भली मोठी बाटली घेऊन हजर झाले. "यात अ जीवनसत्त्व आहे, पोरी. हृदय घडताना पेशींना तेच सांगतं, तू इकडे हो, तू तिकडे वळ. ते नसलं तर हृदय धड जुळतच नाही. उद्यापासून दोन-दोन चमचे!" दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाटलीचं बूच काढतेय तोच मामा एका पायात चप्पल घालून धावत आले आणि त्यांनी तिच्या हातातला चमचा हिसकावला. "थांब! काल मी गाढव होतो. जास्त झालं तरी घोटाळा होतो! लग्नात पंगत बसवणारा माणूस एकच हवा. नसला तर गोंधळ, चार झाले तर त्याहून गोंधळ. गाजरं, पालेभाजी खुशाल खा. बाकी डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच." सगळी बाटली त्यांनी मोरीत ओतली. गल्लीतली मांजरं मोरीच्या तोंडाशी सभा भरवून बसली, आणि कितीतरी महिन्यांनी ही पोट धरून हसली. त्या हसण्यासाठी मी मामांना काहीही माफ केलं असतं.

यथावकाश मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "अगदी ठणठणीत." मी तिथेच रडलो. मामांनी बाळाला घेतलं. आता व्याख्यान सुरू होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो, पण ते नुसतेच तिच्या छातीवर बोट टेकवून बघत राहिले. "मामा, काय झालं?" हिने विचारलं.

"काही नाही गं," ते म्हणाले. "इतकी हृदयं सुरू होताना पाहिली, पण चौथ्या दिवसाच्या पुढे मी कुणाला जाऊच दिलं नव्हतं. पुढे असं होतं होय!"

नर्स दोनदा मागायला आली, तरी त्यांनी बाळ सोडलं नाही.