पासष्ट अंशांवर वीस मिनिटं

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघींना मिळून एकच प्रकल्प होता. तेर गावी नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूतून डीएनए कापणारं एन्झाइम वेगळं काढायचं आणि त्याचे गुणधर्म तपासायचे. ते हाती लागलं नाही, तर दोघींचंही वर्ष जाणार होतं.

जिवाणू फोडून काढलेला रस काचेच्या उभ्या नळीतून गाळायचा, लहान नळ्यांत क्रमाने गोळा करायचा आणि प्रत्येक नळीतला थेंब डीएनएत मिसळून पाहायचा. चार वेळा काहीच कापलं गेलं नाही. पाचव्या वेळी मी तापाने घरी होते. माझी जोडीदारीण जळकोटहून एसटीने यायची. त्या दिवशी प्रयोगशाळेत ती एकटीच होती. सातव्या नळीने डीएनए कापला. डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवणाऱ्या जेलवर पट्टे रेखीव उमटले होते.

मला ते जरा जास्तच रेखीव वाटले. तुलनेसाठी विकत आणलेलं एन्झाइम फ्रीजरमध्ये एका कुपीत होतं. त्याचे पट्टे शेजारी ठेवून पाहिले. जागा त्याच होत्या. कुपीतलं एन्झाइमही कमी झाल्यासारखं वाटलं. आधी ते किती होतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

तिला विचारलं नाही. विकतचं एन्झाइम पासष्ट अंशांवर वीस मिनिटांत निकामी होतं, असं सोबतच्या कागदावर छापलेलं होतं. ती जेवायला गेल्यावर मी दोन्हींचे नमुने गरम पाण्यात ठेवले. ती लवकर परतली.

"काय करायलीस गं?"

"उष्णतेची चाचणी. अहवालात लागेलच."

तिने दोन्ही नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. "म्हंजे म्या कुपीतलं ओतलं म्हणतीस व्हय? मग नीट वीस मिनिटं ठेव. घड्याळ म्या बघते."

नमुने थंड करून त्यांत डीएनए मिसळला. संध्याकाळी जेल पाहिलं. विकतच्या एन्झाइमने डीएनए कापला नव्हता. सातव्या नळीतल्याने कापला होता.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना अहवालातलं नेमकं तेच पान आवडलं. ही चाचणी कुणाला सुचली, असं त्यांनी विचारलं.

"हिला, सर," ती म्हणाली. "हिचा माझ्यावर संशय होता."

परीक्षक हसले. "आणि आता?"

"आता नाही," मी म्हटलं.

दोघीही पास झालो. जिन्यात तिने विचारलं, "खरंच न्हाय, का सर होते म्हणून?"

मी "खरंच" म्हटलं. पण तोवर ती खालच्या मजल्यावर पोचली होती.