सासऱ्यांची विमानं

वाऱ्याशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. पनवेलच्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. पण जीव सगळा हलक्या लाकडाच्या, हाताने सोडायच्या छोट्या ग्लायडर-विमानांमध्ये. सकाळी चहाआधी गॅलरीत उभे राहून ते नाकाने वारा ओळखत. तळोज्याच्या कारखान्यांचा वास आला की वारा उत्तरेचा, खाडीच्या चिखलाचा आला की पश्चिमेचा. दोन्ही वास एकदम आले, की त्या दिवशी घरात कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. लग्नात अक्षतासुद्धा ते मांडवाची झालर कुठे हलते ते बघूनच टाकत, आणि फक्त त्यांच्याच अक्षता नवरदेवाच्या डोक्यावर पडत.

नव्वद सालच्या आसपास मी मुलगी बघायला गेलो, तर पोहे संपायच्या आत त्यांनी विचारलं, "पगाराचं राहू द्या. विमान उडवता येतं?"

पाचच मिनिटांत आम्ही सगळे, मुलीसकट, गावाबाहेरच्या कापणी झालेल्या शेतात. मी ऐटीत, वारा पाठीवर घेऊन, ग्लायडर सोडलं. ते चार पावलांवर ढेकळांत तोंड खुपसून बसलं. "अहो, पंखांना समोरून हवा नको का?" सासरे कळवळले. मग मी वाऱ्याकडे तोंड केलं, विमानाचं नाक वर धरलं आणि जीव खाऊन फेकलं. ते सरळ उभं चढलं, वर थबकलं आणि उलटं येऊन माझ्यासोबत आलेल्या मामांच्या टोपीवर आदळलं. "चल, निघू या," मामा म्हणाले, "हे काही जमत नाही." तेवढ्यात मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "फेकू नका हो. नाक जरासं खाली, आणि नुसतं सोडा."

तिसऱ्या खेपेला ते तरंगलं, तरंगतच बांधापलीकडे गेलं. सासरे चपला टाकून मागे धावले. पलीकडून एक बाई ओरडली, "तुमचं इमान आमच्या म्हशीवर बसलंय! आमी हात नाय लावला!" सासरे विमान घेऊन परतले ते लग्नाची तारीख बोलतच.

अखेरच्या वर्षी त्यांच्या हाताला कंप सुटला. थंडीतल्या एका सकाळी आम्ही त्यांना कोन गावाजवळच्या माळावर नेलं. ग्लायडर बोटांत ठरेना. तेव्हा माझ्या बायकोने त्यांचा हात आपल्या हातात धरला आणि दोघांनी मिळून ते सोडलं. बराच वेळ ते हवेत होतं. मग दूर गवतात अलगद उतरलं, तरी त्यांनी लेकीचा हात सोडला नाही.